व्हॅनिटी

मालकाचा फोन आला तेव्हा सहा वाजले होते.
गाडी काढ, म्हणाले, वारा चढायच्या आत
गोरेगावच्या शेडमध्ये लाव.
चाळीस लाखांचा माल आहे.
मी त्या चाळीस लाखांत धरलेला की बाहेर,
अकरा वर्षांत विचारलं नाही.

शूटिंग आदल्या रात्रीच गुंडाळलेलं.
खोट्या देवळाचा थर्माकोल
तुकड्या-तुकड्यांनी मढभर उडत होता,
कळस तेवढा एका माडात अडकलेला.
वादळाला कुणीतरी दूरच्या देशात नाव ठेवलं होतं,
रेडिओवरच्या बाईला ते नीट म्हणता येत नव्हतं.

भाटीच्या वळणावर एक वल्हं आडवं आलं.
वल्ह्यामागे चांगुणा वैती, डोक्यावर प्लास्टिक.
पालिकेची बस एक खेप करून गेली
ती गेलीच, म्हणाली.
तुझं घर रिकामं चाललंय ना?

घर म्हणाली ती. गाडीला.

आत येताना चपला काढाव्या लागतात,
मी सवयीनं बोलून गेलो.
तिनं पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी दार उघडलं.

सत्तावीस माणसं. एक शेळी, जिला मी मोजलं नाही.
सुक्या बोंबलांची तीन पोती,
गॅसची टाकी, शाळेची दप्तरं,
आणि चौघांनी गोधडीत गुंडाळून आणलेलं
बोटीचं मशीन.
ते ठेवलं मॅडमच्या दिवाणावर,
उशीसकट,
आजारी माणसाला ठेवतात तसं, कुशीवर.

पोरांना संडासाचं बटण सापडलं.
टाकी रिकामी होईस्तोवर दाबत राहिली.
दुसरं बटण कुणी दाबलं कोण जाणे,
आरशाभोवतीचे चौदा दिवे एकदम लागले,
आणि सगळ्यांना सगळे दिसले.
गाडीत एवढी शांतता
रोल कॅमेरा म्हटल्यावरही होत नाही.
बंद कर ते, चांगुणा म्हणाली,
असलं तोंड बघायचं नसतं.

आक्शाच्या पुढे वाऱ्यानं गाडीला खांदा लावला.
बारा फूट उंच पत्रा, आत पोकळ,
स्टिअरिंग माझ्या हातात नुसतं गोल फिरणारं काहीतरी.
डावी चाकं हलकी झाल्याचं मला बुडाखाली कळलं.
मागून पोशा म्हातारा आला,
माझ्या सीटची पाठ धरून उभा राहिला,
ऐंशीचा, एका डोळ्यात फूल पडलेलं,
गाडी त्यानं आयुष्यात चालवली नव्हती.
डाव्या अंगाला सरका, ओरडला. सगळी.
पोतीपण. मशीनपण.
शेळीलासुद्धा पायांनी ढकललं.
मला म्हणाला, नाळ वाऱ्यावर ठेव,
पळू नको त्याच्यापासनं.
हळू.
आता ढील दे. आता धर.

मालवणीपर्यंत मी त्याचं ऐकत आलो.
रस्ता कुठे होता सांगता येणार नाही.

शाळेच्या फाटकात ती उतरली,
नावं लिहून घेणाऱ्या माणसासमोर रांग लागली.
मशीन सगळ्यात शेवटी उतरलं.
कुणी आभार वगैरे मानले नाहीत,
पोशानं फक्त बॉनेटवर दोनदा थाप मारली,
मला नव्हे, गाडीला.
फोनवर मालकाचे एकोणीस मिस्ड कॉल.
रस्त्यात झाड पडलंय, मी सांगितलं.
झाडं पडलीच होती.

गादीवरचा ऑइलचा डाग पगारातून गेला.
वास गेला नाही.
तीन आठवड्यांनी मॅडमनी नाक दाबून विचारलं,
काय आहे हे?
स्पॉटबॉयनं मोगऱ्याचा स्प्रे मारला,
मग मोगरा आणि बोंबील असा वास येऊ लागला.

मढचं शूटिंग परत सुरू झालंय.
खोटं देऊळ नव्यानं उभं राहिलं, कळसासकट.
आक्शाच्या त्या वळणावर वारा नसला तरी
मी सीटवर जरा डावीकडे सरकतो.
गाडीत तेव्हा कुणीच नसतं.